झेडवरची लाल फुली

सोमवार, १३ नोव्हेंबर २००६

बियाण्याच्या एका कंपनीने जानेवारीत फुकट वाटलेली ही डायरी आजपर्यंत कोरी पडून होती. आज तिचं नशीब उघडलं ते हरिसिंगमुळे. "मुनीमजी, बिघाड कवा होते, कसा होते, समदं तारखेनिशी लिवून ठेवा. मंग मले समजते," असं तो फोनवर म्हणाला. हरिसिंग राठोड यवतमाळला असतो. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर करतो, आणि दोन्हींना सारखीच थापटी मारतो.

तर नोंद. आमच्या घाटंजीच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात दोन कॉम्प्युटर आहेत. मोठा ऑफिसात. त्यावर मी बसतो आणि सगळा हिशेब त्याच्या पोटात असतो. दुसरा तिथून दोनशे पावलांवर काटाघरात, जिथे कापसाने भरलेल्या बैलबंड्यांचं वजन होतं. त्यावर या हंगामापासून भागीरथावहिनी बसतात, म्हणजे आमचे मालक भगवानराव गावंडे यांच्या पत्नी. गावात कॉम्प्युटरचा क्लास निघाला तेव्हा त्यांनी तीन महिने जाऊन सर्टिफिकेट आणलं. दोन्ही कॉम्प्युटर तारेने जोडलेत. वहिनींनी वजन टाकलं की ते माझ्याकडच्या हिशेबात यावं, चिठ्ठी छापून निघावी आणि बंडी आत जावी, अशी योजना. वहिनींच्या पडद्यावर या रस्त्याचं नाव 'झेड ड्राइव्ह'. झेड चालू तर बंडी आत. झेडवर लाल फुली आली तर बंडी फाटकावर, बैल फाटकावर, आणि बंडीवाला माझ्या नावाने बोलत फाटकावर.

आज फुली दोनदा आली. सकाळी साडेदहा, दुपारी तीन. दोन्ही वेळा लाइट जाऊन आल्यावर. भारनियमनात दिवसातून तीन-चारदा लाइट जाते, त्यात नवीन काही नाही.

नोंद संपली. खाली जागा उरली म्हणून खाजगीत लिहितो: मला कॉम्प्युटर येत नाही. मालकांना मात्र येतो असं वाटतं, कारण तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्यासमोर "त्यात काय एवढं" असं म्हणून बसलो होतो.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

हरिसिंग येऊन गेला. काटाघरात बसला, दोन मिनिटांत फुली घालवली. मग आम्हाला शिकवलं. लाइट आली की मोठा कॉम्प्युटर आधी सुरू करायचा. तरी फुली राहिली तर मार्ग नव्याने टाकायचा. दोन उलट्या तिरक्या रेघा, पुढे मोठ्या कॉम्प्युटरचं नाव, पुन्हा एक रेघ, मग 'हिशोब'. सगळं इंग्रजी अक्षरांत.

मोठ्या कॉम्प्युटरचं नाव 'भगवानराव' आहे. हे माझ्या सुपीक डोक्यातून निघालेलं. सप्टेंबरात मशीन बसवताना हरिसिंगने विचारलं होतं, नाव काय ठेवू? मालक शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "मालकांचंच ठेवा की." मालक काही बोलले नाहीत, पण दिवाळीला मिठाईचा डबा नेहमीपेक्षा मोठा आला.

आज हरिसिंग शिकवत होता तेव्हा वहिनी काटाघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "दुसरं काही नाव नाही चालत का जी त्याले?"

हरिसिंग म्हणाला, "थे मशीन हाय, बाई. जे नाव ठेवलं थेच त्याले पाह्यजे."

वहिनींना शंका फार. शिकणाऱ्याने इतक्या शंका काढू नयेत असं माझं मत आहे. मी स्वतः एकही काढली नाही, कारण मला काहीच समजलं नव्हतं.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

फुली तीनदा. हरिसिंग नसताना आम्ही आज पहिल्यांदा इंटरकॉमवरून दुरुस्ती केली. म्हणजे मी ऑफिसातून सांगायचं आणि वहिनींनी तिकडे करायचं. मी स्वतः का गेलो नाही? कारण ऑगस्टात झालेला चिकनगुनिया माझ्या गुडघ्यांतून अजून निघालेला नाही. दोनशे पावलं मला कळंबच्या चिंतामणीपर्यंत पायी गेल्यासारखी वाटतात. हरिसिंगसाठी संभाषण जसंच्या तसं उतरवतो.

"फुली आहे का?"

"हाय जी."

"दोन उलट्या रेघा टाका."

"टाकल्या."

"आता मालकांचं नाव."

इथे बराच वेळ नुसती खरखर. इंटरकॉमची तारही खराब असावी.

"टाकलं जी."

"रेघ. हिशोब. एंटर मारा. काय म्हणतो?"

"सापडून नाही राह्यले म्हणते."

"कोण?"

"थेच."

"नाव नीट टाकलं ना, वहिनी?"

"रोज मी जे म्हणते थेच टाकलं जी."

म्हणजे नाव बरोबर, रेघा बरोबर, हिशोब बरोबर. दोष तारेत. असं मी निदान केलं आणि गुडघे धरत काटाघरात गेलो. मी आत गेलो की वहिनी उठून बाहेर उभ्या राहतात. मालकीणबाईंच्या खांद्यावरून पडद्यात डोकावणं मला जमत नाही आणि त्यांनाही ते बरं वाटणार नाही. मी बसून मार्ग टाकला. पहिल्या झटक्यात उघडलं.

फाटकावर अकरा बंड्या होत्या. उकंडा, आमचा काट्यावरचा माणूस, म्हणाला, "मुनीमजी, तुमच्या हाताले गुन हाय." मी नम्रपणे हसलो. नम्रपणे म्हणजे सगळ्यांना दिसेल असा.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

फुली चारदा. चारही वेळा वहिनींच्या हातून झालं नाही. चारही वेळा मी गेलो आणि झालं. आता याची चर्चा फाटकाबाहेर गेली आहे.

मालकांनी संध्याकाळी बोलावलं. "मुनीमजी, तुमच्या हातानं होते, हरिसिंगच्या हातानं होते. हिच्याच हातानं काहून नाही होत?"

मी म्हटलं, सरावाचा प्रश्न असेल.

"सरावाले किती दिवस देऊ? बंडीवाले परत जाऊन राह्यले. औंदा कापूस तसाच कमी. दोन जिनिंगं बंद पडली. आपल्या दारातली बंडी दुसरीकडं गेली का परत येत नाही." मग म्हणाले, "साकेत मांगून राह्यला थे मशीन. अमरावतीले, होस्टेलवर. एकतीस डिसेंबरपर्यंत पाहू. नाही जमलं हिले, तं थो घेऊन जाईन आन् उकंडा पयलेसारखा हातानं लिवीन."

साकेत त्यांचा मुलगा. इंजिनिअरिंगला आहे.

मी बाहेर आलो तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. थोडंसं वाटलंही. पण आज खरं लिहायचं तर हलकं वाटलं. अठ्ठावन्न वर्षांचा मुनीम आणि कॉम्प्युटर शिकलेली मालकीण, यांतलं एक जण जिनिंगला पुरेसं आहे, आणि ते कोण हे भगवानरावांना आज ना उद्या कळेलच. कळायला उशीर झाला तर माझी हरकत नाही.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

घरी मंजुषाला सगळं सांगितलं. माझी बायको ऐकते शांतपणे, पण भाजी निवडता निवडता मधेच एखादं वाक्य असं टाकते की चिडायला होतं.

आज म्हणाली, "त्यांना विचारा ना, मालकांचं नाव म्हणजे नेमकं काय टाकता ते."

मी म्हटलं, "मालकांचं नाव म्हणजे मालकांचं नाव. तुला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?"

"काहीच नाही," ती म्हणाली आणि मेथीच्या काड्यांकडे बघून हसली. बायका मेथीकडे बघून का हसतात, कुणास ठाऊक.

शनिवार, २ डिसेंबर

वहिनी एका लग्नाला पांढरकवड्याला गेल्या होत्या, म्हणून काट्यावर मी बसलो. झेड दिवसभर उत्तम चालला. मी मनात म्हटलं, बघा.

मात्र दुपारी घोटाळा झाला. उत्तमसिंग नावाची चिठ्ठी मी उत्तमसिंगला दिली, आणि ती त्या उत्तमसिंगची नव्हती. एक तांड्यावरचा, एक नदीपलीकडचा. दोघांची वजनं एकमेकांच्या नावावर. दोघंही फाटकावर हातघाईवर आले आणि मग दोघांनी मिळून मोर्चा माझ्याकडे वळवला. वहिनी चारला परतल्या, लग्नाच्या साडीतच थेट काटाघरात आल्या. एकाला विचारलं, "बाप्पा, तुमची लाल बैलजोडी ना?" दुसऱ्याला काही विचारलंच नाही. चिठ्ठ्या अदलाबदल केल्या, दोन्ही नावांपुढे गाव टाकलं. पाच मिनिटांत प्रकरण मिटलं.

मी म्हटलं, "तुम्हाला सगळे माहीत आहेत."

त्या म्हणाल्या, "सत्तावीस वर्सं झाले जी, याच कंपाउंडात हावो मी. घराच्या खिडकीतून बंड्या पाह्यल्या. बैल ओळखू येत, मानसं नाही. आता मानूस समोर येते, नाव सांगते, मी लिवते. मले दुसरं काही नाही पाह्यजे. हे मशीन नका जाऊ देऊ, वामनभाऊ."

मी "बघू" म्हटलं. बघू हा शब्द मी बावीस वर्षांत मालकांकडून शिकलो. अर्थ काहीच होत नाही, पण समोरचा गप्प बसतो. वहिनी मात्र माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला तिथून निघायची घाई झाली.

बुधवार, ६ डिसेंबर

फुली तीनदा. हरिसिंगला फोन केला. तो म्हणाला तार तपासा. म्हणून दिवसभर मी आणि उकंडाने दोनशे पावलांची तार ऑफिसच्या खिडकीपासून काटाघरापर्यंत बोटांनी चाचपत नेली. उंदराने कुरतडली असावी असा माझा सिद्धांत होता. उंदीर सापडले नाहीत. सरकीच्या ढिगामागे मांजरीची चार पिल्लं सापडली, म्हणजे उंदीर का नाहीत तेही कळलं.

उकंडाचा सिद्धांत वेगळा होता. त्याने संध्याकाळी काटाघरातल्या कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली. मी त्याला हसलो. मग ऑफिसातल्या कॉम्प्युटरलाही एक बांधायला सांगितली, कारण नजर लागायचीच तर ती मोठ्याला आधी लागेल.

सोमवार, ११ डिसेंबर

फुली चारदा. गुडघे दोन. बाकी विशेष नाही.

शनिवार, १६ डिसेंबर

आज जे झालं ते हरिसिंगला सांगायचं नाही. खरं तर डायरीतही लिहू नये, पण कुठेतरी ठेवायला हवं.

दुपारी लाइट गेली, आली, फुली आली. इंटरकॉमवर नेहमीचं झालं. रेघा टाकल्या जी, नाव टाकलं जी, सापडून नाही राह्यले. मी निघालो. मी अर्ध्या वाटेवर असताना फाटकाजवळ एका बंडीचं चाक निखळलं, कापसाची गाठोडी खाली आली. ओरडा ऐकून वहिनी काटाघरातून तशाच धावल्या. मी पोचलो तेव्हा आत कुणी नव्हतं आणि पडद्यावर सगळं तसंच उघडं होतं.

मार्गाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं: साकेतचेबाबा. सगळं जोडून.

मला आधी हसूच आलं. नेटवर्क बिचारं महिनाभर साकेतच्या बाबांना शोधत होतं. दोन उलट्या रेघा, साकेतचे बाबा, हिशोब. मी हसत खुर्चीत बसलो आणि माझा हात शेजारच्या बाणावर पडला. खाली यादी उघडली, आधी टाकलेल्या सगळ्या नावांची. साकेतचेबाबा. मालक. घरचे. साहेब. गावंडे. पुन्हा साकेतचेबाबा. आणि सगळ्यांत खाली एक अर्धवट: बी, एच, ए, जी. तिथेच थांबलेलं.

मग मला हसू येईना. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हरिसिंगने सांगितलं तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर दुसरं नाव चालतं का असं विचारलं. सत्तावीस वर्षांत ज्या बाईने नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही, तिला मी रोज चारदा, वर ओरडून, सांगत होतो: टाका मालकांचं नाव. ती खरखर इंटरकॉमची नव्हती. ती बाई तिकडे श्वास धरून बसलेली असायची.

आणि ते नाव मशीनला दिलं कुणी? मी. मिठाईचा डबा कुणी खाल्ला? तोही मीच.

मी यादी पुसली, मार्ग टाकला, फुली घालवली आणि वहिनी यायच्या आत बाहेर पडलो.

रविवार, १७ डिसेंबर

मंजुषाला सांगितलं. ती म्हणाली, "मला तीन आठवड्यांपूर्वीच वाटलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तुला कॉम्प्युटरमधलं काय कळतं."



दिवसभर एक विचार डोक्यात राहिला, तो लिहून ठेवतो. ही गोष्ट मालकांना गंमत म्हणून सांगितली तर ते पोट धरून हसतील. मग फाटकावर सांगतील, बाजारात सांगतील. सगळी घाटंजी हसेल. वहिनी पुन्हा काटाघरात पाय ठेवणार नाहीत, मशीन अमरावतीला जाईल आणि माझी खुर्ची माझ्याकडे राहील. मला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नाही. हा विचार मला आला आणि तो बराच वेळ राहिला. जेवताना होता. झोपून उठलो तेव्हाही होता. स्वतःची अशी लाज मला पूर्वी वाटल्याचं आठवत नाही.

मंगळवार, १९ डिसेंबर

वहिनींशी बोललो. सरळ बोलायची हिंमत नव्हती. म्हटलं, "वहिनी, या मोठ्या मशीनचं नाव थोडं अवघड पडतं. हरिसिंगला सांगून बदलून घेऊ का?"

त्या काट्याच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मी यादी पाहिली हे त्यांना कळलं असावं. मग म्हणाल्या, "नाव बदललं तरी लाइट जाईनच ना जी. लाइट गेली का तिकडलं मशीन बंद, आन् मंग फुली."

"हो, पण..."

"इकडे काट्याले बॅटरी हाय. इकडं लाइट जातच नाही. मंग हिशोब इकडच्याच मशीनमंदी काहून नाही ठेवत?"

मी तिथेच स्टुलावर बसलो. काटा मधेच बंद पडू नये म्हणून काटाघराला बॅटरी आहे, ती मीच तीन वर्षांपूर्वी मागवली होती. गेला महिनाभर लाइट जाऊन आली की मी ऑफिसातून उठून, जिथली लाइट कधी गेलीच नव्हती त्या काटाघरात, लंगडत फुली घालवायला जात होतो. हे माझ्या एकदाही लक्षात आलं नाही.

हरिसिंगला फोन केला. तो म्हणाला, "हे कोनं सुचवलं? भारी हाय." मी म्हटलं, "सुचलं आपलं." इथे नोंद करतो की ते मला सुचलं नव्हतं.

तो म्हणाला, मग काटाघरातलं मशीन मोठं होईल, त्याला नाव लागेल. आता त्याला कंपनीने दिलेले नुसते आकडे आणि अक्षरं आहेत. मी इंटरकॉमवर वहिनींना विचारलं, काय नाव देऊ? 

"माह्यंच ठेवा," त्या म्हणाल्या.

शनिवार, २३ डिसेंबर

मालक दोन दिवस नागपूरला गेलेत. त्यांना न विचारता हरिसिंगला बोलावलं. विचारलं असतं तर ते "बघू" म्हणाले असते, आणि बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. बावीस वर्षांत त्यांना न विचारता मी केलेली ही पहिली गोष्ट. हरिसिंगने दुपारपर्यंत सगळा हिशेब काटाघरात हलवला. आता झेड माझ्याकडे आला. मार्ग मी टाकायचा.

हरिसिंगने सांगितलं, "टाका. रेघा, नाव, रेघ, हिशोब."

मी टाकलं. एंटर मारला. सापडत नाही.

पुन्हा टाकलं. सापडत नाही. हरिसिंग उठून माझ्यामागे आला आणि पडद्याकडे बघून म्हणाला, "मुनीमजी, बाई कायले लावलं?"

मी 'भागीरथाबाई' असं टाकलं होतं. दोन्ही वेळा. मालकीणबाईंचं नुसतं नाव, सोलून काढल्यासारखं, माझ्या बोटांतून निघालंच नव्हतं.

"मशीनले मान नाही समजत," हरिसिंग म्हणाला. मी 'बाई' पुसलं, मनातल्या मनात वहिनींची माफी मागितली आणि एंटर मारला. उघडलं. ज्या चुकीला गेल्या शनिवारी मी हसलो होतो ती करायला मला एकच आठवडा लागला.

त्यानंतर दिवसभरात तीनदा लाइट गेली. काटाघर चालू राहिलं. वहिनींनी एकट्यांनी एकेचाळीस बंड्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. मी ऑफिसात अंधारात बसून होतो आणि मला कुणी बोलावलं नाही.

गुरुवार, २८ डिसेंबर

पाच दिवसांत फाटकावर एकही बंडी खोळंबली नाही. मालक खुशीत आहेत. त्यांना वाटतं तार दुरुस्त झाली. मी सांगायला तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा सरकीचा भाव विचारून परत आलो.

रविवार, ३१ डिसेंबर

सकाळी नऊला जीप काटाघरापुढे उभी राहिली. साकेत सुटीवरून परत निघाला होता. मालक ऑफिसात आले. "मुनीमजी, काढा तार. पोरगं थांबलं हाय."

मी म्हटलं, "आता तर चालू आहे ना?"

"आठ दिवस चाललं. उद्या पुन्हा बंद पडीन. पोराले शब्द देल्ला मी."

तेव्हा सांगावं लागलं. जिनिंगचा सगळा हिशेब आठ दिवसांपासून त्याच मशीनमध्ये आहे. ते गेलं तर हिशेब अमरावतीला जाईल.

भगवानराव ओरडत नाहीत. आवाज खाली आणतात, ते जास्त वाईट. "कोनाले विचारून?"

"तुम्ही नागपूरला होता."

"फोन नव्हता?"

मग म्हटलं, "कल्पना वहिनींची होती. चांगली होती. मीच तुम्हाला सांगायला घाबरलो."

"उघडून दाखवा," ते म्हणाले.

आणि नेमकी तेव्हाच लाइट नुकतीच जाऊन आली होती. माझ्याकडच्या झेडवर लाल फुली. मी बसलो. मालक मागे उभे. रेघा टाकल्या, नाव टाकलं, हिशोब टाकलं. सापडत नाही.

"हे तं तुमच्याही हातानं नाही होत," मालक म्हणाले.

मी बघितलं. पुन्हा 'बाई' लावलेलं. खरं सांगण्याखेरीज आता काही उरलं नव्हतं. म्हटलं, "मशीनचं नाव वहिनींच्या नावावरून ठेवलंय. नुसतं नाव टाकावं लागतं. माझ्याकडून टाकलं जात नाही. मी बाई लावून जातो."

"सरका," ते म्हणाले आणि स्वतः बसले.

रेघा त्यांनी टाकल्या. मग एका बोटाने बी. एच. ए. जी. आणि बोट तिथेच राहिलं. पुढची अक्षरं येत नव्हती म्हणून नाही. सही करतात, बँकेचे इंग्रजी कागद वाचतात. मी बावीस वर्षं त्यांना ओळखतो. घरात हाक मारायची तर "साकेतची माय" किंवा "अवं". लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव त्यांनी कधी उच्चारलं असेल असं वाटत नाही.

त्यांनी मान न वळवता विचारलं, "हिलेही असंच होत होतं का?"

मी "हो" म्हटलं. आणखी काही म्हणावं लागलं नाही.

त्यांनी इंटरकॉम उचलला. आमच्या इंटरकॉमवरचं बोलणं शेजारी बसलेल्यालाही ऐकू येतं, त्यामुळे मी ऐकलं.

"अवं," ते म्हणाले. मग थांबले. "तुह्यं नाव इंग्रजीत कसं लिवते?"

पलीकडे काट्यावर कुणीतरी बैलांना मागे घ्या म्हणत होतं. मग वहिनींचा आवाज आला, हळू, एकेक अक्षर सोडत. बी. एच. ए. जी. आय. आर. ए. टी. एच. ए. प्रत्येक अक्षराला मालकांचं बोट खाली येत होतं आणि ते पुढच्याची वाट बघत होते.

एंटर मारला. फुली गेली. सकाळपासूनच्या बंड्या एकाखाली एक उभ्या राहिल्या, प्रत्येक नावापुढे गाव.

मालकांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. रिसीव्हर कानाला तसाच होता. मग म्हणाले, "उघडलं, भागीरथा. साकेतले सांग, मशीन नाही मिळत. इथंच लागते थे." आणि ठेवून दिला.

ते उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने जीप मशीनशिवायच फाटकाबाहेर पडली, साकेत पुढे बसलेला, तोंड पाडून. मी माझ्या खुर्चीत बसलो आणि दुपारपर्यंत मला कुठल्याच कामाला हात लावावासा वाटला नाही. इतका आनंद मला दुसऱ्या कुणासाठी बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

संध्याकाळी उकंडा सांगत होता, फोन ठेवल्यावर जी बंडी काट्यावर आली तिचं वजन वहिनींनी तीनदा घेतलं, आणि तिन्ही वेळा वेगळं लिहिलं.